राखीव जागा रिकामीच का असावी? : दिव्यांग वाहनचालक आणि आपले वाहनतळ

वार्षिक अहवालाच्या पानांवर खाटा, शस्त्रक्रिया, देणग्या आणि जमाखर्च यांचे आकडे असतात. यंदा त्यांच्या जोडीला ताळेबंदात कोठेही न दिसणाऱ्या एका जागेविषयी लिहावयाचे ठरविले आहे. ही जागा म्हणजे रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशेजारी दिव्यांग वाहनचालकांसाठी राखून ठेवलेला वाहनतळाचा भाग. विषय लहान वाटेल, परंतु त्यात आमची एक चूक दडलेली होती आणि ती आपणासमोर मांडणे हे कर्तव्यच आहे.

गेल्या हिवाळ्यातील प्रसंग आहे. मूर्तिजापूरकडील एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातोश्रींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी घेऊन येतात. बालपणी पोलिओ झाल्याने त्यांचे दोन्ही पाय अधू आहेत. ब्रेक व ॲक्सिलरेटर हाताने चालविण्याची सोय करून घेतलेली मोटार ते स्वतः चालवितात. त्या दुपारी उपचार आटोपून मायलेक बाहेर आले, तेव्हा शेजारच्या मोटारीमुळे त्यांच्या बाजूचे दार वीतभरच उघडत होते. व्हीलचेअर दाराशी लागेना. शेजारची मोटार वरच्या मजल्यावरील बैठकीस आलेल्या एका हितचिंतकांची होती. बैठक सुरू असताना निरोप कसा धाडावा, या संकोचापायी मी मातोश्रींसाठी चहा मागविला आणि थांबलो. पस्तीस मिनिटे गेली. त्या गृहस्थांनी कसलीही तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, मी गाडी चालवतो म्हणून माय दवाखान्यात येते. दारच उघडलं नाही, तं तिले आणू कसा?"

त्या हितचिंतकांना नंतर हे कळले तेव्हा त्यांना अतिशय वाईट वाटले. वास्तविक दोष त्यांचा नव्हता. त्यांची मोटार पांढऱ्या रेषेच्या आतच उभी होती. दोष रेषेचा होता, म्हणजेच ती आखून घेणाऱ्या माझा होता.

रुंदीचा प्रश्न

प्रवेशद्वारासमोर १५ मीटर लांबीची मोकळी जागा आहे. तेथे अडीच मीटर रुंदीच्या सहा गाड्यांची आखणी मी करून घेतली होती आणि पहिल्या दोन जागांवर व्हीलचेअरचे निळे चिन्ह रंगवून घेतले होते. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने इंचभरही जागा वाया गेली नाही, याचे समाधान होते. दिव्यांगांना दारापासून जवळची जागा दिली की काम संपले, अशी समजूत होती.

परंतु जवळीक ही अर्धीच गोष्ट आहे. व्हीलचेअरवरून मोटारीत बसणाऱ्या व्यक्तीस दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची आसनाला लागून उभी करावी लागते आणि मग हातांच्या बळावर शरीर उचलून आत सरकावे लागते. खुर्चीची रुंदीच सुमारे सव्वादोन फूट असते. म्हणून साध्या मोटारीस अडीच मीटर जागा पुरत असली, तरी राखीव जागा किमान ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट रुंद असावी, असे बांधकामाचे निकष सांगतात. प्रवेशद्वारापासून ती ३० मीटरच्या आत असावी, अशा किमान दोन जागा असाव्यात आणि त्या राखीव असल्याचा फलक ठळकपणे लावावा, अशीही अपेक्षा आहे. तेथून दारापर्यंतच्या वाटेत पायरी नसावी. रॅम्पचा चढ एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, याहून तीव्र नसावा.

आता हिशेब पाहावा. दोन राखीव जागांना ७.२ मीटर लागले. उरलेल्या ७.८ मीटरमध्ये तीन साध्या जागा बसल्या. सहाच्या पाच झाल्या. एका मोटारीची जागा वाचविण्यासाठी आम्ही इतकी वर्षे दोन जागा निरुपयोगी करून ठेवल्या होत्या. नवी आखणी झाली आहे, आणि रंगाच्या डब्यापलीकडे तिला खर्च आला नाही.

रस्ता संपतो तेथे

अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलगपणे पूर्ण झाले. त्याची गिनीज बुकात विक्रम म्हणून नोंद झाली. वऱ्हाडास अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मूर्तिजापूरचे गृहस्थ याच मार्गाने येतात. मैलोगणिक रस्ता त्यांना अडवीत नाही. त्यांना अडविले ते शेवटच्या साडेतीन फुटांनी, आणि तेही आमच्या अंगणात.

दिव्यांग व्यक्ती म्हणजे रुग्ण, आणि तिला घेऊन येणारा दुसरा कोणीतरी असणार, हे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक आता टिकत नाही. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यापूर्वीच्या दशकांत ज्या मुलांना हा आजार झाला, ती आज कर्ती माणसे आहेत. आईवडिलांचे औषधपाणी, संमतिपत्रावरील सही, देयकाचा भरणा ही सर्व जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यांची मोटार अडली की एक नव्हे, दोन माणसे उपचारापासून दुरावतात.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये अशा वाहनासाठी पूर्वी जी संज्ञा होती, तीत केवळ खास बनावटीचे वाहन बसत असे. साध्या गाडीत फेरफार केलेले वाहन त्या व्याख्येत येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने तेथे 'अनुकूलित वाहन' या अर्थाची संज्ञा आली. ऑक्टोबर २०२० पासून वाहन नोंदणीच्या नमुना २० मध्ये मालकीच्या प्रकारांत 'दिव्यांगजन' ही नोंदही करता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. जनतेच्या वापरातील खाजगी इमारती, आणि त्यांत रुग्णालयेही, 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत येतात. सुगमतेचे निकष न पाळता बांधलेल्या इमारतीस पूर्णत्वाचा दाखला मिळू शकत नाही. अधिनियमाचा भंग केल्यास प्रथम दहा हजार रुपयांपर्यंत व पुनश्च केल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करावेत, असे स्पष्ट केले. तात्पर्य, ही जागा संस्थेने केलेला उपकार नाही. ते संस्थेचे देणे आहे.

आपणाकडून अपेक्षा

आखणी सुधारणे हे व्यवस्थापनाचे काम होते. यापुढे त्या रेषांचा मान राखणे सर्वांच्या हाती आहे. त्यासाठी काही गोष्टी नम्रपणे नमूद करतो.

१. 'दोनच मिनिटे थांबतो' म्हणूनही राखीव जागेत वाहन उभे करू नये. चालक आत बसून असला तरी जागा अडलेलीच असते, आणि आलेला दिव्यांग चालक खाली उतरून विनंती करू शकत नाही.

२. जागेच्या कडेचा तिरप्या पट्ट्यांचा भाग रिकामा दिसला तरी तेथे दुचाकी लावू नये. तो पट्टा व्हीलचेअरसाठी आहे.

३. निळे चिन्ह असलेली मोटार अन्यत्र, अगदी रस्त्याच्या कडेला दिसली, तरी तिच्या उजव्या दाराशेजारी चार फूट अंतर सोडावे.

४. रॅम्पच्या पायथ्याशी ऑटो, दुचाकी वा फळांची गाडी उभी राहिल्यास रॅम्प असून नसल्यासारखा होतो. तेथे थांबू नये.

५. चालताना दिसला म्हणून कोणास 'तुम्ही कसले अपंग?' असे विचारू नये. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपल्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचाही त्यांत समावेश आहे. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास धडधाकट दिसणाऱ्या तरुणासही पन्नास पावले चालणे जड जाते. विचारपूस आवश्यक असल्यास ती आमचा कर्मचारी ओळखपत्र पाहून, सौजन्याने करील.

६. मदत करण्यापूर्वी विचारावे. न विचारता व्हीलचेअर ढकलणे म्हणजे न विचारता एखाद्याचा हात धरून ओढणे होय.

बाजूस दोन चाके जोडलेल्या स्कूटरवरून येणारे दिव्यांग बंधुभगिनीही आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनीही राखीव जागेचा निःसंकोच उपयोग करावा. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकाशी लावलेल्या लोखंडी खांबांतील अंतरही आता वाढविले आहे. मुंबईतील पदपथांवर अशाच खांबांमुळे व्हीलचेअर जाऊ शकत नाही, या एका नागरिकाच्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. ते वाचून आम्ही आमचे खांब मोजले.

रिकाम्या जागेचे मोल

गर्दीच्या वेळी काही जण विचारतात, 'जागा तर रिकामीच आहे, मग अडवून का ठेवता?' प्रश्न स्वाभाविक आहे. हिशेबाच्या दृष्टीने रिकामी जागा म्हणजे पडून राहिलेली मालमत्ता. परंतु रुग्णालयात कोपऱ्यात उभ्या असलेल्या भरलेल्या राखीव ऑक्सिजन सिलिंडरला कोणी वाया गेलेले भांडवल म्हणत नाही. तो वापरात नसतो तेव्हाही आपले काम करीत असतो. राखीव जागेचेही तसेच आहे. मूर्तिजापूरहून निघालेल्या माणसाला तासाभराच्या प्रवासात, 'पोचल्यावर दार उघडेल ना?' ही काळजी करावी लागू नये, हेच तिचे उत्पन्न.

ही जागा राखण्यासाठी चौकीदारास स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. वाहन विश्वस्तांचे असो, डॉक्टरांचे असो वा माझे स्वतःचे, त्याने ते नम्रपणे पुढे न्यावयास सांगावे. तसे सांगितल्याबद्दल त्याच्यावर कोणी रागावू नये, ही आपणा सर्वांस विनंती. बैठक सुरू असताना निरोप आल्यासही राग मानू नये. त्या दिवशी तो निरोप मी धाडला नाही, याची खंत आहे.

ते गृहस्थ आजही मंगळवार-शुक्रवार येतात, मोटार लावतात, दार पूर्ण उघडतात आणि मातोश्रींच्या मागोमाग आत जातात. आमच्याकडे पाहण्याचीही त्यांना गरज पडत नाही. व्यवस्था नीट असल्याची याहून चांगली पावती नाही.



— प्रशासकीय अधिकारी