५१२ क्रमांकाचा खण

एका फडताळाला ५१२ खण आहेत. क्रमांक ० ते ५११. क्रमांक ५१२ च्या खणात वस्तू ठेवू गेलात, तर ती शेजाऱ्याच्या फडताळात जाईल!

‘क्यूएमू’ ही सर्वांना वाचावयास खुली असलेली आज्ञावली एका संगणकात दुसरा, आभासी संगणक उभा करते. तिच्यातील फ्लॉपी-नियंत्रकाच्या नकलेत असेच ५१२ बाइटांचे फडताळ आहे. बाइट आला की स्थानांक एकाने वाढतो, आज्ञा संपली की शून्य होतो. दोन आज्ञांनंतर मात्र तो वेळेवर शून्य होईलच असे नव्हते. मग आतल्या माणसाने बाइट कोंबीत राहावे आणि मूळ संगणकाच्या स्मृतीत शिरावे! २००४ पासूनची ही चूक २०१५ मध्ये उघडकीस आली. (फ्लॉपी आता कोण वापरतो, म्हणून त्या भागाकडे कोण बघणार?)

दुरुस्ती अगदी शाळेतली: स्थानांकाला ५१२ ने भागा, बाकी घ्या. ५११ ची बाकी ५११, ५१२ ची ०. बाकी भाजकाहून नेहमी लहान. स्थानांक बाहेर जाणारच नाही. ७०० ची बाकी तुम्ही काढा.

आता तपासनीस व्हा. एखाद्याने बाइट लिहिताना बाकी घेतली, पण वाचताना घेतली नाही. असा बदल तुम्ही मंजूर कराल काय? वाचणाऱ्याच्या हाती कोणाचे बाइट लागतील?