बँकॉक ते चिआंग माई : भारतीय महिला फुटबॉलची वाटचाल

कोल्हापूरकडच्या माणसाला फुटबॉलची ओळख करून द्यावी लागत नाही. तालमींचे सामने पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु माझ्या धाकट्या बहिणीने शाळेत चेंडूला पाय लावला, तेव्हा वडील म्हणाले, "पोरींनी कुठं फुटबॉल खेळायचा असतोय? आजवर कोण खेळलंय?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा उत्तर शोधणे माझ्याकडे आले. जे हाती लागले, ते येथे थोडक्यात मांडते.

महिला फुटबॉलसाठी आपल्या देशात १९७५ साली स्वतंत्र संघटना स्थापन झाली. अवघ्या पाच वर्षांत, १९८० साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला. १९८१ साली हाँगकाँगला तिसरा क्रमांक मिळाला. १९८३ साली बँकॉकला संघाने पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे यजमान थायलंडने ३-० असा विजय मिळवला. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत.

यानंतर मात्र अशी मजल मारता आली नाही. १९९० नंतरच्या काळात महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला, तरी सामन्यांत सातत्य राहिले नाही. दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे २००९ साली फिफाच्या क्रमवारीतून भारताचे नाव वगळले गेले. ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नाव गेले ते हरल्यामुळे नव्हे, खेळायलाच न मिळाल्यामुळे.

सामने मिळू लागताच चित्र पालटले. २०१०, २०१२, २०१४, २०१६ व २०१९ अशी सलग पाच वेळा दक्षिण आशियाई अजिंक्यपदे भारताने जिंकली. दोन दशके देशासाठी खेळलेल्या मणिपूरच्या बेमबेम देवी यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. २०२२ ची आशियाई स्पर्धा तर आपल्या महाराष्ट्रातच झाली. पण नवी मुंबईत इराणशी ०-० बरोबरी झाल्यावर संघात कोरोना शिरला, पुढच्या सामन्यापुरत्याही खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमानांना स्पर्धा सोडावी लागली.

५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे पुन्हा थायलंडच समोर होता, दोनदा विश्वचषक खेळलेला. भारताने त्याला २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

हे सारे मी वडिलांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी बहिणीला पुन्हा अडवलेही नाही. 'कोण खेळलंय?' याचे उत्तर मिळाले. आता प्रश्न मैदानाचा आहे. आपल्या कॉलेजच्या मैदानावर आठवड्यातून दोन दिवस तरी मुलींना फुटबॉलसाठी वेळ मिळावा, अशी प्राध्यापकवर्गाला व विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी नम्र विनंती आहे.