तळघरातला नळ

तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला चार कुंड्या सांभाळता येऊ नयेत, ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. आमच्या आबांनी चाळीस वर्षं बाग केली. छाटणीनंतर ठरल्या दिवशी पानांचे देठ खुडून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि अहवाल हातात आल्याशिवाय खताच्या पोत्याची शिवण उसवायची नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो. आणि मी मात्र कॅनडात, किचनरमधल्या घराच्या तळघरात, मोबाइलवरच्या फोटोंशी पानं जुळवत बाटलीमागून बाटली ओतत बसलो होतो.

झाडं गांजाची होती. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि आमच्या ऑन्टारियो प्रांतात प्रौढांना घरी चार झाडं लावता येतात. चार म्हणजे घरामागे चार, माणशी नव्हे. बीसुद्धा कायदेशीर दुकानातूनच घ्यायचं. भारतात १९८५च्या कायद्याखाली हेच झाड लावणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी पुढचं सगळं मिरची किंवा टोमॅटो समजून वाचावं. पान पिवळं पडण्याचं शास्त्र तिन्हींना जवळपास एकच. बायकोनं दोन अटी घातल्या होत्या: खोलीला कुलूप हवं आणि आबांना कळता कामा नये. म्हणून आबांना मी सांगितलं, टोमॅटो लावलेत.

जानेवारीत सुरुवात केली. चार बाय चार फुटांचा तंबू, वर एलईडीचा दिवा, ११ लिटरच्या कुंड्या, त्यात पीट आणि परलाइट. पहिले तीन आठवडे झाडं अशी तरारली, की मी ऑफिसात फोटो दाखवत फिरायचो. चौथ्या आठवड्यात खालच्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसायला लागली. मोबाइलवरच्या लक्षणांच्या तक्त्यात पाहिलं: मॅग्नेशियमची कमतरता. लगेच कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणली. आठवड्यानं मधल्या पानांवर गंजासारखे ठिपके आले. तक्ता म्हणाला कॅल्शियम, मी मात्रा दुप्पट केली. मग पानांच्या कडा करपल्या, म्हणजे पालाश कमी. तेही घातलं. शेवटी शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी पडली. आता लोह. तोवर खिडकीत सात बाटल्या झाल्या होत्या आणि झाडं आजाऱ्यासारखी मान टाकून उभी होती.

गंमत अशी, की तक्ता एकदाही खोटं बोलला नव्हता. पानावर दिसत होतं ते खरंच मॅग्नेशियमच्या आणि लोहाच्या कमतरतेचं लक्षण होतं. पण कमतरता झाडात असणं वेगळं आणि कुंडीत असणं वेगळं. ताट वाढलेलं आहे, पण माणसाला गिळता येत नाही, तशी गत. अशा वेळी आणखी वाढत राहिलं, तर खरकटंच वाढतं.

एका रविवारी आबांचा फोन आला. टोमॅटोची चौकशी झाली. मी सगळी बाटल्यांची कहाणी ऐकवली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पाणी कुठलं घालतोस?"

"नळाचं, आबा."

"आरं, नळाचं खरं, पण नळाला कुठनं येतंय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं असं नाही. आमच्या भागाला बहुतेक पाणी जमिनीखालून उपसून येतं आणि ते अतिशय जड असतं. किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही. म्हणून इथे घरोघरी तळघरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवतात. यंत्रातल्या राळेचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. ते सोडियम येतं मिठातून. त्या यंत्रात घालायचं मिठाचं पोतं दर महिन्याला मीच खांद्यावरून तळघरात उतरवत होतो, अगदी त्या तंबूच्या शेजारून. एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही. उन्हाळ्यात अंगणातल्या नळाचं पाणी घेतलं असतं, तर वाचलो असतो. तो सहसा यंत्राला वळसा घालून येतो. पण कॅनडाच्या थंडीत तो नळ गोठून फुटू नये म्हणून बंद करून ठेवावा लागतो. म्हणून मी तळघरातल्या मोरीचा नळ धरला.

शाळेत आपण दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी शिकलो होतो. ते शब्द इतक्या वर्षांनी कामाला आले. दोन बाटल्यांत दोन नळांचं पाणी घेतलं, साबणाचे चार-चार थेंब टाकले आणि हलवलं. तळघरातल्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस. स्वयंपाकघरातल्या थंड नळाच्या पाण्याला नावापुरते बुडबुडे, वर गढूळ साय. म्हणजे स्वयंपाकघराचा नळ कच्च्या पाण्याचा आणि तळघरातला मिठाचा. साबणाला जे पाणी लाडकं, ते मुळांना नको असतं.

दुसऱ्या दिवशी ईसीचा, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचा, मीटर आणि सामू (पीएच) मोजायचं पेन आणलं. खरं तर बाटल्यांच्या आधी आणायच्या वस्तू या. कुंडीत पाणी घालून खालून निघालेला निचरा मोजला. वरून जात होतं १.६ ईसीचं पाणी, खालून येत होतं ३.९चं. सामू ७.४. पीटच्या मिश्रणात तो साधारण ६ ते ६.५ हवा. सातच्या वर गेला, की लोह, मँगेनीज, जस्त कुंडीत असूनही मुळांना उचलता येत नाहीत. कोवळी पानं का पिवळी पडली त्याचं हे उत्तर. खालची पानं पिवळी, कारण सोडियमच्या गर्दीत मॅग्नेशियम आणि पालाश आत शिरत नव्हते. कडा करपल्या, कारण क्षार साचले होते. एकच रोग चार नावांनी माझ्याकडे येऊन गेला होता.

मीटरबद्दल एक इशारा. दोन्ही नळांच्या पाण्याची ईसी जवळपास सारखीच आली, ०.९ आणि १. मीटर क्षार किती हे सांगतो, कुठले ते सांगत नाही. नुसत्या आकड्यावर विसंबलो असतो, तर तळघरातलं पाणी निर्दोष सुटलं असतं. शिवाय मीटर पीपीएम दाखवत असेल, तर तो ईसीला ५००नं गुणतो की ७००नं, ते डबीवर वाचा. १.६ ईसी एका मीटरवर ८०० दिसते आणि दुसऱ्यावर ११२०. दुसऱ्याच्या आकड्यावरून स्वतःचं खत ठरवणारे इथेच फसतात.

उपाय पुन्हा आबांनीच सांगितला, अर्थात टोमॅटोसाठी. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत जिप्सम टाकतात ते काही चुन्याच्या हौसेनं नव्हे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून हुसकतं आणि मग पाण्यानं ते धुऊन काढता येतं, निचरा मात्र पाहिजे. माझ्याकडे कॅल्शियमनं भरलेलं पाणी तर स्वयंपाकघरातच होतं. ते निम्मं आणि दुकानातून आणलेलं आरओचं निम्मं, सामू ६.३वर आणून, प्रत्येक कुंडीतून तीस-एक लिटर हळूहळू सोडलं. निचऱ्याची ईसी दोनच्या खाली आल्यावर थांबलो. मग कुंडी हाताला हलकी लागेपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही आणि त्यानंतर खताची मात्रा १.२वरून पुन्हा सुरू केली. साती बाटल्या कपाटात गेल्या.

त्यानंतरचे दहा दिवस सगळ्यात अवघड. काहीच करायचं नव्हतं. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. मी मात्र रोज त्याच पानांकडे बघून निराश व्हायचो. बघायचं असतं नव्या पानांकडे. दोन झाडांचे शेंडे आठव्या दिवशी हिरवे निघाले, तिसरं खुरटलेलंच राहिलं आणि चौथं मी उपटलं.

पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी आता माझा क्रम सांगतो. पान शेवटी बघा. आधी कुंडी उचलून बघा. मान टाकलेलं झाड आणि जड कुंडी म्हणजे पाणी जास्त झालंय, हलकी कुंडी म्हणजे तहान. नवखे लोक झाडाला भुकेनं क्वचित मारतात, पाण्यानं जास्त मारतात. मग निचऱ्याचा सामू आणि ईसी. पेन ७ आणि ४च्या द्रावणात तपासून घ्या, माझं नवंकोरं पेन अर्ध्या अंकानं चुकत होतं. मग दिवा. जांभळ्या उजेडात पानाचा रंग कळतच नाही, एक पान तोडून खिडकीशी न्या. फक्त दिव्याजवळची वरची पानं फिकी पडत असतील, तर खत नव्हे, दिवा वर करा. मग भिंग घेऊन पानाची मागची बाजू. सुईनं टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके असतील, तर ते लाल कोळ्याचं काम आहे, कुठल्याही बाटलीनं जाणार नाही.

एवढं झाल्यावर पान वाचा, आणि पहिला प्रश्न एकच: जुनं पान की नवं? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येतात. टंचाई आली, की झाड म्हाताऱ्या पानांच्या ताटातलं काढून पोरांना वाढतं, म्हणून खालची पानं आधी जातात. अख्खं पान एकसारखं पिवळं होत गेलं तर बहुधा नत्र; शिरा हिरव्या राहून मधलं पिवळं झालं तर मॅग्नेशियम; कडेनं जळत आलं तर पालाश. कॅल्शियम आणि लोह एकदा जिथे बसले तिथून हलत नाहीत, म्हणून त्यांची ओरड कोवळ्या पानांत होते. आणि जुनी-नवी दोन्ही पानं एकदम बिघडली, तर तक्ता मिटून ठेवा. अशा वेळी दोष मुळाशी असतो, पाण्यात किंवा सामूत. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर बाटल्यांचे पैसे वाचले असते. जांभळ्या देठांवरून स्फुरद कमी आहे असं ठरवणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती: थोडं थांबा, कित्येक वाणांचे देठ जन्मतः जांभळे असतात आणि गारठ्यानंही होतात. उलट टोकाला, पान काळपट हिरवं होऊन टोक नखासारखं खाली वळलं, तर नत्र जास्त झालंय. नवखा त्यालाच तब्येत समजतो.

एका वेळी एकच बदल करा, आणि वही ठेवा. तारीख, आत काय गेलं, बाहेर काय आलं. माझ्या पहिल्या पाच आठवड्यांची वहीच नाही. कुठल्या बाटलीनं किती नुकसान केलं, ते मला आजही सांगता येत नाही.

फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात उरलेल्या झाडांची खालची पानं पुन्हा पिवळी पडायला लागली. माझा हात कपाटाकडे गेला होता. निचरा मोजला: १.७, सामू ६.४. फुलं भरताना झाड जुनी पानं रिकामी करतंच, तेव्हा कपाट बंद केलं. त्याच आठवड्यात पोरीनं आजोबांना व्हिडिओ कॉल लावून फोन हातात घेऊन घरभर फिरवला, आणि कुलूप नेमकं उघडं होतं. आबा बराच वेळ पडद्यावर डोळे बारीक करून बघत राहिले.

"निचरा बरा दिसतोय," ते म्हणाले. "पण असला टोमॅटो मी मठाच्या मागं लय बघितलाय."