एक्स-रे साफ आला तरीही

भारतातून सहा महिन्यांहून जास्त काळासाठी ब्रिटनला येणाऱ्या मोठ्या माणसांचा व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढतात. माझाही काढला होता आणि तो अगदी साफ होता. त्यामुळे इथे आल्यावर काही वर्षांनी मानेवर गाठ आली, तेव्हा टीबीचं नाव कोणाच्याच तोंडी आलं नाही. एक्स-रेत दिसतो तो फुप्फुसात आधीच जागा झालेला आजार. लहानपणी कधीतरी अंगात शिरून गप्प बसलेले जंतू त्यात दिसत नाहीत. ते पुढे जागे होऊ शकतात, आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, मानेतल्या गाठींत किंवा मणक्यात. दंडावर बीसीजी लसीचा व्रण असला म्हणून मोठेपणी संरक्षण मिळेलच असं नाही.

मला ना खोकला होता, ना थुंकीत रक्त. संध्याकाळी कणकण यायची, रात्री उशी घामाने भिजायची आणि कपडे सैल होत चालले होते. इथल्या डॉक्टरांनी आधी साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, मग पुन्हा त्याच दिल्या. गाठ हटेना. शेवटी एका दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा जन्म कुठला?" त्या एका प्रश्नाने सगळं मार्गी लागलं. सुईने गाठीतला नमुना घेतला आणि निदान झालं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. "मी भारतात वाढले, टीबीची तपासणी करायची का?" असं आपणच स्पष्ट म्हणा.

पैशांची आणि व्हिसाची भीती तर मनातून काढूनच टाका. इंग्लंडमध्ये टीबीचं निदान आणि उपचार सर्वांना मोफत आहेत, औषधंसुद्धा. टीबी झाला म्हणून कोणाला देशाबाहेर काढत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे आपली किती मुलं खोलीत कुढत बसतात आणि घरून मागवलेल्या गोळ्या गिळतात! तसं करू नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट औषधांना दाद देईनासे होतात.

उपचार साधारणपणे असे: पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने दोन. त्यांतल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बायकांनी लक्षात ठेवलंच पाहिजे. डोळे पिवळे दिसले, सतत उलट्या झाल्या किंवा रंग ओळखताना गडबड होऊ लागली, तर त्याच दिवशी टीबीच्या नर्सला फोन करा. मला सर्वांत अवघड गेलं ते वेगळंच. उपचार चालू असताना गाठ आधी वाढली. असं होऊ शकतं, आणि नेमक्या याच वेळी माणूस औषध सोडतो. आपल्या मनाने सोडू नका, नर्सला दाखवा.

घरात सोबत राहणाऱ्यांना सांगावं का? माझं मत, जरूर सांगावं. नुसत्या गाठींचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. फुप्फुसाचा लागतो, पण योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत तो धोका बहुतेकांच्या बाबतीत ओसरतो. सोबतच्यांची तपासणी त्यांच्याच भल्याची असते. लग्न मोडेल म्हणून आजार लपवणाऱ्या घरांचं दुःख मला कळतं, पण लपवून ठेवलेल्या आजारात औषध चुकतं.

इंग्लंडच्या काही भागांत, नुकत्याच आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांना टीबीच्या रक्ततपासणीचं पत्र येतं. ते फेकू नका. बीसीजी घेतलेली असली तरी या तपासणीचा निकाल बिघडत नाही. झोपलेला टीबी आढळला, तर बहुधा तीन महिन्यांच्या औषधाने तो जागा होण्याचा धोका खूप कमी होतो. आणि उपचारांच्या मध्येच गावी जायचं झालं, तर नर्सशी आधी बोलून गोळ्या पुरतील एवढ्या बरोबर घ्या, सामानाच्या मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत.