इंटरनेट : आधार आणि अधीनता

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय निबंधाच्या वह्यांतून इतका झिजून गेला आहे की, इंटरनेटविषयी लिहावयास बसताच तीच दोन पारडी डोळ्यांसमोर उभी राहतात. त्या तराजूस आम्ही येथे हात लावणार नाही. ज्या वस्तूचा आपण आधार घेतो तिच्या आपण अधीन केव्हा होतो आणि तसे झालो आहोत हे ओळखावे कसे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. त्यासाठी संगणक हवा, टेलिफोनची तार हवी. कामगाराच्या घरी ही दोन्ही कोठून असणार? पुढे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. पहिले काही महिने ती फुकट मिळाली, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले, आणि जी वस्तू श्रीमंताच्या दिवाणखान्यात होती ती चाळीतल्या खोलीत येऊन पोहोचली. आज जो विद्यार्थी दहावीच्या वर्गात बसतो, तो त्या वेळी पाच-सहा वर्षांचा होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरी-चौथीत होता. आणि ज्या मोबाईलला हात लावल्याबद्दल काल धपाटा बसत होता, तोच मोबाईल ‘अभ्यासासाठी’ म्हणून त्याच्या हाती देण्यात आला. मुलांस दोष देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी घटनांचा हा क्रम विसरू नये.

त्यातही आमचे पांडेसरा ध्यानात घेतल्यावाचून या प्रश्नाचे खरे स्वरूप कळत नाही. जी.आय.डी.सी.तील रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि आसपासचे यंत्रमाग यांच्या आधारावर धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून तापीकाठच्या रेल्वेमार्गाने आलेली कितीतरी कुटुंबे येथे नांदतात. बारा-बारा तासांची पाळी. राहावयास एक खोली. रातपाळी करून आलेला बाप दिवसा त्याच खोलीत झोपतो. अशा वेळी मुलाने खेळावे कोठे? ‘आवाज करू नको’ असे सांगून आई त्याच्या हाती मोबाईल देते. मूल गप्प होते, बापाची झोप मोडत नाही. यात आईचा आळस नाही आणि मुलाचा व्रात्यपणाही नाही. जागेची अडचण मोबाईलने सोडविली, एवढेच घडले. ज्या सवयीचा जन्म अडचणीतून होतो ती उपदेशाने सुटत नाही.

शिवाय इंटरनेटवाचून आता आपले चालणारही नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, बोर्डाचा निकाल, गावी जाण्याचे आगगाडीचे तिकीट, किराणा दुकानदाराचे पैसे, शिरपूर-शहाद्याकडे राहिलेल्या आजीचे मुखदर्शन, ही सारी कामे त्यातूनच होतात. यास आम्ही आधार म्हणतो. अधीनता निराळी.

ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी सुरतेसह गुजरातेत काही दिवस मोबाईलवरील इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. पुढील वर्षी, २८ फेब्रुवारी २०१६ रोजी, तलाठी भरतीची परीक्षा होती म्हणून सरकारने राज्यभर ते चार तास बंद केले! आजच्या विद्यार्थ्यांस हे आठवणार नाही; त्यांनी घरी विचारावे. मात्र पुन्हा तसे घडल्यास आपले काय होईल याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी. साधन गेले तर काम अडते. पैसे पाठविता येत नाहीत, निरोप पोहोचत नाही. परंतु काम काहीही नसताना, केवळ मोकळा वेळ असह्य होऊन हात पुनःपुन्हा खिशाकडे जाऊ लागला, तर अडले आहे ते काम नव्हे, मन.

या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने संयम राखला आहे. रोगांच्या तिच्या नव्या वर्गीकरणात (मान्यता २०१९, अंमल जानेवारी २०२२ पासून) खेळांच्या व्यसनास विकार म्हणून स्थान मिळाले. सरसकट इंटरनेटच्या वापरास नाही. तेथेही तासांची मर्यादा सांगितलेली नाही. स्वतःवरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही लक्षणे सामान्यतः वर्षभर टिकली तरच तो विकार समजावा असे म्हटले आहे. तेव्हा परीक्षेनंतर दोन दिवस मोबाईलवर खेळणाऱ्या मुलास लगेच ‘व्यसनी’ म्हणणे हा अन्याय होय.

मग हात मोबाईलकडे का जातो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. कळीवर ठरावीक वेळा चोच मारली की दाणा मिळतो असे असल्यास पक्षी दाणा खाऊन थोडा विसावतो. पण दाणा कधी तिसऱ्या टोचणीस, कधी विसाव्या टोचणीस, असा अनियमित मिळू लागला की पक्षी न थांबता टोचत राहतो. आणि दाणे बंद केले तरी बराच काळ टोचणे सोडत नाही. छोट्या चित्रफितींचे असेच आहे. नऊ नीरस निघतात, दहावी हसविते. आणि ती दहावी केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळेच बोट सरकत राहते. पूर्वी संगणकावर पान संपे आणि ‘पुढील पान’ या कळीपाशी वाचकास क्षणभर थांबावे लागे. २००६ साली आझा रास्किन या तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि तो क्षण नाहीसा झाला; पुढे या युक्तीबद्दल खुद्द त्यांनीच जाहीर खेद व्यक्त केला. आम्ही मूळचे कोकणी. जाळे म्हटले की आम्हांस रापण आठवते. रापणीचा दोर ओढणाऱ्यास मासळीचा वाटा मिळतो. या नव्या जाळ्यात दोर आपण ओढतो, आणि जाहिरातदारास विकली जाणारी मासळीही आपणच असतो!

केवळ बंदीने हे सुटेल असे ज्यांस वाटते त्यांनी २०२० साल आठवावे. २९ जून रोजी टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने ‘रील्स’ भारतात आणल्या. सप्टेंबरात यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ आणले. बंदीचे कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, मुलांच्या अभ्यासाचे नव्हे, हे खरे. तथापि तीन महिन्यांच्या आत रिकामी जागा भरून निघाली.

स्मरणशक्तीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. लेखनकलेमुळे स्मरण दुबळे होईल ही भीती प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादातही आढळते. म्हणजे तक्रार जुनीच. परंतु २०११ साली बेट्सी स्पॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काही वाक्ये संगणकावर टंकण्यास देऊन अर्ध्या जणांस सांगितले की ती जतन होतील. अर्ध्यांस सांगितले की ती पुसली जातील. पुसली जाणार असे समजणाऱ्यांस ती अधिक आठवली. उत्तर मोबाईलमध्ये आहे ही खात्रीच मनास ते सोडून देण्यास पुरेशी होते. परीक्षेच्या दालनात ती खात्री दाराबाहेर ठेवावी लागते.

आता एका गावाची हकिकत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या, तरी मुले मोबाईल सोडीनात. १४ ऑगस्ट २०२२ रोजी महिलांच्या सभेत भोंगा विकत घेण्याचे ठरले. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे; ८.३० वाजता पुन्हा भोंगा झाला की मोकळीक. त्या दीड तासात अभ्यास, वाचन, गप्पा. आरंभी लोक सहजी ऐकेनात, म्हणून आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

आमच्या मते या योजनेचे मर्म दीड तासात नाही, तो सर्वांचा एकच होता यात आहे. एकट्याने मोबाईल ठेवला की मन म्हणते, ‘सोबती तिकडे काहीतरी बोलत असतील, मी मागे पडेन.’ सर्वांनीच ठेवला तर मागे पडण्यासारखे काही उरत नाही. आणि तो वडिलांनीही ठेवावयाचा होता. स्वतः मोबाईल पाहत मुलास ‘अभ्यास कर’ म्हणणाऱ्या बापाचा शब्द कोण मानील?

पांडेसऱ्यात असा भोंगा चालणार नाही. सायंकाळी ७ वाजता येथे एक कामावर निघतो, दुसरा परततो, आणि घरातील बाई साड्यांना लेस लावीत बसलेली असते. येथील भोंगे गिरणीचे. म्हणून संपूर्ण वस्तीऐवजी एका गल्लीतील चार-पाच वर्गमित्रांनी आपली एक वेळ ठरवावी. घरच्यांच्या पाळ्या पाहून ती ठरवावी. आणि त्या तासापुरते सर्वांचे मोबाईल कोणा एकाच्या आईच्या स्वाधीन करावे. ज्यांच्या घरी सर्वांत मिळून एकच मोबाईल आहे आणि तोही वडिलांबरोबर गिरणीत जातो, त्यांस हा तास आयताच मिळाला आहे.

त्यापूर्वी सात दिवस एक नोंद ठेवावी. वहीच्या पानावर तीन रकाने आखावे. पहिल्यात मोबाईल हाती घेतल्याची वेळ, दुसऱ्यात खाली ठेवल्याची. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहावा : ठरवून घेतला असल्यास ‘मी’, आणि त्याच्या घंटीने अथवा उगाच हात गेल्याने घेतला असल्यास ‘तो’. वही कोणास दाखविण्याचे कारण नाही. आठव्या दिवशी ‘मी’ किती आणि ‘तो’ किती, हे स्वतःच मोजावे.