आतड्याचा दाह आणि प्रतिजैविके : घ्यावीत की टाळावीत?

समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीला दोन वर्षांपासून मोठ्या आतड्याच्या दाहाचा विकार आहे. औषधांनी तो आटोक्यात आहे. अशातच तिला जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक औषध, म्हणजेच आपण ज्याला अँटिबायॉटिक म्हणतो ते, लिहून दिले. आजी म्हणते, "या गोळ्यांनी पोट बिघडतं, हिला देऊ नका." वडील म्हणतात, "डॉक्टरांनी दिल्यात ना, मग द्यायच्याच." कोणाचे बरोबर? या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. त्यासाठी तराजू हाती घ्यावा लागतो आणि प्रत्येक पारड्यात काय पडते ते पाहावे लागते.

प्रथम या विकाराची ओळख करून घेऊ. आपल्याकडे शौचावाटे आव-रक्त पडू लागले की 'आमांश' म्हणण्याची पद्धत आहे. पण हा आमांश नव्हे. तो जंतूंमुळे किंवा अमीबामुळे होतो व काही दिवसांत बरा होतो. येथे मात्र शरीराची संरक्षक यंत्रणाच आतड्याच्या भिंतीत दाह पेटता ठेवते, आणि तो वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहतो. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला व्रण पडतात. दुसरा क्रोनचा रोग. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि भिंतीत खोलवर जातो. हे विकार एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. तेव्हा अशा मुलामुलींचा डबा वेगळा ठेवण्याचे काही कारण नाही!

आता प्रतिजैविकाचा संबंध कोठे येतो ते पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्यांचे एकूण वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय अन्नापासून ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावरच पोसल्या जातात. शिवाय हे जीवाणू जागा अडवून बसलेले असतात. एस.टी.च्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच. नवा उपद्रवी जंतू आला तरी त्याला बसायला बाक सापडत नाही. प्रतिजैविक औषध न्यूमोनियाच्या जंतूंना मारते, पण आतड्यातील प्रवाशांनाही गाडीतून उतरवते. आजीच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढे.

रिकाम्या बाकावर येऊन बसणाऱ्यांत सर्वांत घातक असतो तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जीवाणू. (२०१६ पासून त्याच्या नावाचा पूर्वार्ध बदलून क्लॉस्ट्रिडिऑइडिस असा झाला आहे.) त्याचा शोध मोठा गमतीदार आहे. १९३५ साली तो प्रथम सापडला तो चक्क निरोगी तान्ह्या बाळांच्या विष्ठेत. प्रयोगशाळेत वाढवणे कठीण, म्हणून नाव 'डिफिसिल'. पुढे चाळीस वर्षे त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही. १९७४ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक घेणाऱ्या २०० रुग्णांची तपासणी झाली. ४२ जणांना जुलाब लागले होते, आणि २० जणांच्या मोठ्या आतड्यात पिवळसर पापुद्रे धरलेले दिसले. हेच औषध दिलेले हॅमस्टर नावाचे उंदरासारखे प्राणीही आतड्याच्या दाहाने मरत. त्यांच्यावरील प्रयोगांतून माग काढत १९७८ साली गुन्हेगार निश्चित झाला. रोग बरा करायला दिलेले औषध त्याला वाट मोकळी करून देत होते!

दाहाच्या रुग्णांना हा जंतू इतरांपेक्षा अधिक गाठतो. त्यातली खरी अडचण अशी, की त्याची लक्षणे आणि मूळ रोग उफाळल्याची लक्षणे सारखीच असतात. पोटात कळा, ताप, वारंवार जुलाब. दाहाच्या रुग्णात रक्तही पडते. मूळ रोगच वाढला असे समजून दाह दाबणारी औषधे वाढवली, तर जंतूला रान मोकळे मिळते. म्हणून प्रतिजैविकानंतर जुलाब सुरू झाले, की आधी विष्ठेची तपासणी करून या जंतूचे विष आहे काय ते पाहतात. ते सापडले तर उपाय आहेत. व्हँकोमायसिन तोंडावाटे देतात. (म्हणजे पुन्हा प्रतिजैविकच!) पुनःपुन्हा उलटणाऱ्या रुग्णांसाठी निरोगी माणसाच्या विष्ठेतील जीवाणू आतड्यात सोडण्याचा उपचारही आता सिद्ध झाला आहे. नाक मुरडू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत या उपचाराने १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. केवळ व्हँकोमायसिनने १३ पैकी ४.

प्रतिजैविकांमुळे निरोगी मुलांना हा दाहाचा विकार नव्याने जडतो काय, हा वेगळा प्रश्न आहे. पण भीती बहुधा त्यावरूनच पसरते. डेन्मार्कमध्ये १९९५ ते २००३ या काळात जन्मलेल्या ५,७७,६२७ मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. प्रतिजैविके घेतलेल्या मुलांत हा विकार १.८४ पट आढळला. 'जवळजवळ दुप्पट' म्हटले की छातीत धस्स होते. परंतु दुप्पट कशाच्या? एवढ्या मुलांत विकार झाला तो ११७ जणांना, म्हणजे लाखामागे सुमारे २०. हिशेबासाठी धरू, की औषध न घेणाऱ्या एक लाख मुलांत १२ जणांना तो झाला; तर घेणाऱ्या एक लाखात २२ जणांना होईल. उरलेल्या ९९,९७८ मुलांना काहीच नाही. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे. आणखी एक मेख आहे. हा संबंध औषध घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत ठळक दिसला. तेव्हा कदाचित रोग आधीच सुरू झाला असेल आणि त्याच्याच पोटदुखीसाठी औषध दिले गेले असेल. छत्री दिसते तेथे पाऊस असतो. म्हणून छत्रीने पाऊस पडतो काय?

आता दुसरे पारडे. न्यूमोनियाचे जंतू फुप्फुसात वाढू दिले तर प्राणावर बेतू शकते. त्यातून दाहाच्या रुग्णाला संरक्षक यंत्रणा दाबणारी औषधे चालू असतील, तर तिची लढण्याची ताकद आधीच कमी असते. तेथे औषध टाळणे हाच मोठा धोका. क्रोनच्या रोगात आतड्याजवळ गळू झाले किंवा गुदद्वाराजवळ नासूर झाला, तर प्रतिजैविके हा उपचाराचाच भाग असतो. मात्र साधी सर्दी किंवा फ्लू असेल, तर? ते विषाणूंचे काम. त्यांच्यावर प्रतिजैविक चालतच नाही, म्हणजे लाभाचे पारडे रिकामे. तेथे आजी जिंकल्या. घरात उरलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन पाहणे हाही असाच रिकाम्या पारड्याचा व्यवहार. डॉक्टरांना मात्र आतड्याचा विकार आणि चालू औषधे यांची माहिती आधी द्यावी. औषधाची निवड व दिवस त्यावर ठरतात.

भारतात या तराजूत आणखी एक वजन पडते, ते क्षयाचे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग दुर्बिणीतून पाहिले तरी हुबेहूब दिसू शकतात. क्षय समजून क्रोनच्या रुग्णाला प्रतिजैविके दिली, तर काही महिने वाया जातात आणि यकृताला इजा होण्याचा धोका राहतो. उलट क्रोन समजून क्षयाच्या रुग्णाची संरक्षक यंत्रणा दाबली, तर क्षय अंगभर पसरू शकतो. दोन्ही चुकाच, पण दुसरीची किंमत फार जास्त. म्हणून तपासण्यांनी निर्णय होत नसेल, तर आपल्याकडील डॉक्टर पुष्कळदा क्षयाची औषधे आधी सुरू करतात, यकृतावर लक्ष ठेवतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. व्रण भरून आले असतील तर तो बहुधा क्षय. तसेच असतील तर निदान क्रोनकडे झुकते.