बाळाच्या विकासाची नोंद मोबाइलवर कशी असावी?

बाळाचे वजन आणि लसी यांची नोंद बहुतेक घरांत असते. पण बाळ बसू कधी लागले, हाकेला वळून कधी पाहू लागले, असे विचारले की आई-वडील एकमेकांकडे पाहतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत यात नवल नाही. दोघेही सकाळच्या लोकलने निघतात. दिवसभर बाळ असते आजीकडे किंवा पाळणाघरात. त्यामुळे अशा नोंदींचे अ‍ॅप कसे असावे, असे कोणी विचारल्यास माझे पहिले उत्तर असते : ते आजीला वापरता आले पाहिजे.

भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आणले. त्याच वर्षी राज्यातील अनेक अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. अ‍ॅप इंग्रजीत आहे, हा त्यांचा एक आक्षेप होता.

प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे असावेत. ‘भाषिक विकास समाधानकारक आहे काय?’ याचे उत्तर आजी देऊ शकणार नाही. ‘नावाने हाक मारल्यास वळते का?’ याचे देईल. उत्तरे तीनच : ‘हो’, ‘अजून नाही’ आणि ‘आधी करायचे, आता करत नाही’. तिसरे उत्तर आल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

नेमकी तारीख न देता कालावधी द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासानुसार निरोगी बाळे सुमारे ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागतात. काही तर रांगतच नाहीत. म्हणून गुण, क्रमांक, शेजारच्या बाळाशी तुलना नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

अ‍ॅपने निदान करू नये. ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगावे. केव्हा दाखवावे?

• आवाजाकडे लक्ष देत नसल्यास, कोणत्याही वयात.
• नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नसल्यास.
• दीड वर्षाचे मूल चालत नसल्यास किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसल्यास.

‘आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. तेव्हा केलेल्या उपचारांचा लाभ अधिक. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते.

अ‍ॅप नसले तरी अडत नाही. सरकारी माता व बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. आणि अ‍ॅप असलेच, तर नोंद होताच मोबाइल बाजूला ठेवावा. बाळाला हवा असतो तो बोलणारा, हसणारा माणूस.